सोऱ्याचं क्षेत्रफळ

दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावर लंब दिशेने लागू होणारं बल. आठवीच्या वर्गात हे वाक्य मी इतकी वर्षं सांगत आले आहे की आता ते सांगताना माझं निम्मं लक्ष मागच्या बाकावर डबा उघडणाऱ्यांवर असतं. उदाहरणंही ठरलेली आहेत. टोकदार खिळा, धारदार सुरी, दप्तराचा रुंद पट्टा आणि उंट. उंटाचे तळपाय पसरट, म्हणून तो वाळूत रुतत नाही. आमच्या नाशिक रोडच्या मुलांनी उंट पाहिलेला असतो तो जत्रेत, पाठीवर बसून फोटो काढण्यापुरता. त्याच्या तळपायाकडे कुणी बघत नाही. तरी उत्तरपत्रिकेत सगळे उंटच लिहितात. सुरी कुणी लिहीत नाही. घरात सुरी रोज दिसते, त्यामुळे तिच्यात विज्ञान असेल अशी शंका कुणाला येत नसावी.

"मॅडम, याचा उपयोग काय?" असं एखादी मुलगी दरवर्षी विचारते. मी दरवर्षी "परीक्षेत येतं" असं सांगते. खोटं नाही ते. पण गेल्या उन्हाळ्यात मला दुसरं उत्तर सापडलं, आणि ते आमच्याच गच्चीवर, कुरडया घालताना.

माझ्या सासूबाई मूळच्या नांदगावकडच्या. आम्ही त्यांना आई म्हणतो. आमच्या घरात बहुतेक कामांची वाटणी झालेली आहे, म्हणजे बहुतेक कामं माझ्याकडे आहेत. कुरडया मात्र आईंच्या. गहू भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, तो आंबूस वास घरभर फिरला की नाक मुरडणाऱ्याकडे रोखून बघायचं, मग वाटून, गाळून चीक काढायचा, तो सकाळी गच्चीवरच्या शेगडीवर शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा. चीक एकदा निवला की रबरासारखा होतो, मग तो सोऱ्याला दाद देत नाही. या सगळ्यातलं हलकं काम, म्हणजे ढवळणं, उचलणं, वाळत घातलेल्यावर लक्ष ठेवणं, हे सुनेचं. सोऱ्या आईंच्या हातात. लोखंडी तिवईत सोऱ्या बसवायचा, खाली प्लॅस्टिकचा तुकडा, डाव्या हाताने तो तुकडा गोल फिरवत उजव्या हाताने वरून दट्ट्या दाबायचा. एका भरणीत एक कुरडई, मध्ये सांधा नाही. आजूबाजूच्या बायका बघायला येत. शेजारच्या भाभींचं माहेर मालेगावचं, त्या त्यांच्या शेवया वाळवायला आमच्याच गच्चीवर येतात. त्याही म्हणायच्या, "अम्मा, तुमचा हात म्हणजे मशीन आहे." त्यावर आईंची पुढची कुरडई थोडी मोठी यायची.

त्या उन्हाळ्याआधीच्या दिवाळीच्या सुमारास आई बाथरूममध्ये घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर झालं, निघालं, डॉक्टरांनी दाबायला एक रबरी चेंडू दिला. मनगट पिळायचं नाही, जड काही उचलायचं नाही, असं बजावून सांगितलं. आईंनी तो चेंडू फ्रिजवर ठेवला, तिथे तो अजून आहे.

उन्हाळा आला तसा घरात विषय निघाला. निघाला म्हणजे आमच्या ह्यांनी काढला.

"यंदा कुरडया नको," हे मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाले. "ऑनलाइन मिळतात. घरपोच."

"बचत गटाकडनं घेऊ," मी म्हणाले. "निदान बघून तरी घेता येतील."

आई जेवत होत्या. जेवून, हात धुऊन, मग म्हणाल्या, "गहू भिजत घातलाय मी. काल."

हे त्यांचं नेहमीचं. चर्चा आपण करायची, गहू तोवर भिजत असतो.

"आई, अहो हात," मी म्हणाले.

"हात मोडला व्हता, जुळला. तुमच्याकडं काय मागितलंय मी?" मग म्हणाल्या, "यंदा सोऱ्या दुसऱ्याच्या हातात गेला की परत यायचा नाय. मला ठावं हाय. माझ्या सासूच्या हातातला असाच माझ्याकडं आला. तिचंबी दुखणंच झालं व्हतं. बरी झाली, पण मी काय परत दिला नाय."

सोऱ्या म्हणजे आमच्याकडे पितळेचं भांडं नव्हतं, पद होतं. आणि पदावरून लोक कसे जातात ते आईंना चांगलं माहीत होतं. त्यांनी स्वतःच एकीला घालवलं होतं.

माझ्या दिरांचा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत लहानसं वर्कशॉप आहे. लेथ, ड्रिल, वेल्डिंग. जगातल्या कुठल्याही अडचणीवर त्यांचं उत्तर लोखंडात असतं. गच्चीचं दार करकरतं म्हणून त्यांनी एकदा असं दार बनवून आणलं होतं की ते उघडायला दोन माणसं लागतात. करकरत मात्र नाही.

"आई, तू काळजी करू नको," भाऊजी फोनवर म्हणाले. "मी नवा सोऱ्या बनवतो. मोठा. तुझे सगळे कष्ट वाचतील."

"फिरवायचा नको," आई म्हणाल्या. "फिरवल्यावर मनगट दुखतंय, अन् कुरडईबी तुटती."

"फिरवायचा नाही. दाबायचाच. पण असा की एका दाबात तीन कुरडया."

हे ऐकून घरात सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला, खोटं कशाला सांगू. भौतिकशास्त्र शिकवणारी बाई घरात असून तिला त्या क्षणी क्षेत्रफळ आठवलं नाही. कारण सरळ आहे, मला शाळेबाहेर विज्ञानाचे पैसे मिळत नाहीत.

रविवारी सकाळी भाऊजी सोऱ्या घेऊन गच्चीवर आले. स्टेनलेस स्टीलचा, आरशासारखा पॉलिश केलेला, आणि इतका रुंद की जुना सोऱ्या अख्खा त्याच्या पोटात मावला असता. दट्ट्याला वर जाडजूड मूठ. सोबत नवी तिवई, कारण जुन्या तिवईत तो मावत नव्हता. भाभी शेवयांचं कापड अंथरत होत्या, त्यांनी वळून बघितलं.

"भाईजान, ये तोप कुणावर लावायची?"

"बघाच तुम्ही," भाऊजी म्हणाले.

मी चीक शिजवून, घोटून, वाफ येत असतानाच सोऱ्यात भरला. पातेल्यातला निम्मा चीक एका भरणीतच संपला. आईंनी पदर खोचला, डाव्या हाताने प्लॅस्टिक धरलं आणि उजव्या हाताने दट्ट्या दाबला.

काहीच झालं नाही.

त्यांनी परत दाबला. मनगटाची शीर ताठ झाली. खाली भोकांशी चिकाचे एवढे एवढे ठिपके दिसले आणि तिथेच थांबले.

"जोर लाव ना आई," भाऊजी म्हणाले.

"लावलाय."

"सरक, मी बघतो," हे म्हणाले. ह्यांनी दोन्ही हातांनी दाबलं. ठिपक्यांचे कोंब झाले. ह्यांचा चेहरा लाल झाला आणि मग ते अतिशय शांतपणे म्हणाले, "चीक घट्ट झालाय." म्हणजे चूक माझी.

"चीक बरोबर हाय," आई म्हणाल्या.

शेवटी भाऊजी स्वतः पुढे झाले. मूठ छातीशी धरून त्यांनी सगळं अंग तिच्यावर टाकलं. चिकाच्या जाडजूड दोऱ्या एकदम सुटल्या, प्लॅस्टिकभर पसरल्या आणि त्याच वेळी नव्या तिवईचा एक पाय बाहेर वाकला. सोऱ्या तिरका झाला. भाऊजी त्याच्याबरोबर तिरके झाले.

"तोप चालली," भाभी म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावून शेवया नीट करायला लागल्या.

भाऊजी तिवई सरळ करेपर्यंत चीक निवत चालला. मी तो बाहेर काढून त्याच्या चमच्याने पापड्या घातल्या, उरलेला वाट्यांमध्ये दूध-साखर घालून सगळ्यांना दिला. भाऊजींनी दोन वाट्या खाल्ल्या. कष्ट त्यांनीच सर्वांत जास्त केले होते.

आईंनी खाल्ला नाही. त्यांनी हात धुतला, मनगट दुसऱ्या हातात धरलं आणि जिन्यावरून खाली जाताना म्हणाल्या, "कच्चा चीक उरलाय त्यो भाभीला द्या. उद्या बाजारातनं कुरडया आणा. काय ऑनलाइन का फिनलाइन."

मला दया वगैरे येत नाही सहसा. पण माझ्यासमोर दोन गोष्टी होत्या. एक, फ्रिजमध्ये मोठा डबाभर कच्चा चीक, आणि तो दुसऱ्या दिवशी लागला नाही तर वाया जाणार. दुसरी, कुरडयांचं पद सोडलेली सासू दिवसभर घरात, रिकामी, माझ्या स्वयंपाकघराच्या दारात. दोन्हींपैकी दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती.

दुपारी सगळे झोपल्यावर मी न्हाणीघराबाहेरचा वजनकाटा उचलला. ह्यांनी तो एका नव्या वर्षाच्या संकल्पासाठी आणला होता. संकल्प जानेवारीतच गेला, काटा राहिला. काट्यावर परात, परातीत जुनी तिवई, तिवईत आईंचा जुना पितळी सोऱ्या, असं मांडून मी काटा शून्यावर आणला. थोडा चीक शिजवला, भरला आणि दट्ट्या दाबत काट्याकडे बघत राहिले. चीक नीट पडायला लागला तेव्हा काटा विसावर होता.

वीस किलो. मुलांनी बलाचं उत्तर किलोत लिहिलं की मी अर्धा गुण कापते, बल न्यूटनमध्ये असतं. घरी मात्र मी किलोतच मोजते. भाजीवाल्याला न्यूटन मागून बघितलेले नाहीत.

जुन्या सोऱ्याचं तोंड आतून सहा सेंटिमीटर. म्हणजे क्षेत्रफळ साधारण अठ्ठावीस चौरस सेंटिमीटर. वीस भागिले अठ्ठावीस, प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पाऊण किलोच्या जरा कमी दाब. हा दाब मिळाला की चीक भोकांतून निघतो, नाही मिळाला की नाही. भोकं तीच, चीक तोच, मग सोऱ्या केवढाही असो, दाब तेवढाच हवा.

भाऊजींच्या तोफेचं तोंड दहा सेंटिमीटर. क्षेत्रफळ अठ्ठ्याहत्तरच्या पुढे. तेवढाच दाब तिथे द्यायचा तर छप्पन्न किलो जोर लागणार. आईंचं स्वतःचं वजन पन्नासच्या आत आहे. म्हणजे त्या सोऱ्यावर चढून उभ्या राहिल्या असत्या तरी कुरडई पडली नसती. मुलाने आईचे कष्ट वाचवण्यासाठी ते जवळजवळ तिप्पट केले होते, आणि वर पॉलिश.

मी आईंच्या खोलीत काटा घेऊन गेले. त्या जाग्याच होत्या.

"यावर हात ठेवून दाबा," मी म्हणाले. "दुखेल त्याच्या आधी थांबा."

"वजन करतीस का माझ्या हाताचं?"

"हो."

त्यांनी दाबलं. काटा अकराच्या आसपास जाऊन थांबला. त्यांनी दात आवळले तेव्हा मी काटा काढून घेतला.

"वीस लागतात, तुमच्याकडे अकरा आहेत," मी म्हणाले.

"म्हंजे नापास."

"म्हणजे सोऱ्या बदलायचा. बारीक तोंडाचा. चार सेंटिमीटरचं तोंड असेल तर नऊ किलोत काम होतं."

मी काय म्हणणार हे त्यांना माझ्या आधी कळलं होतं.

माझ्या लग्नात माझ्या आईने मला भांड्यांबरोबर एक पितळी सोऱ्या दिला होता. शेवेचा, बारीक तोंडाचा. सासरी आल्यावर आईंनी तो हातात घेऊन उलटसुलट केला होता आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "भातुकलीतला दिसतोय." तेव्हापासून तो माळ्यावर होता. घरात कधी सोऱ्याचा विषय निघाला की भातुकलीतलाही निघायचा.

"त्यो?" आई म्हणाल्या.

"तोच."

"त्याच्यातनं कुरडई येईल का बटण येईल?"

"लहान येईल. पण तुमच्या हातून येईल."

त्यांनी पाठ वळवली. मी तो होकार समजले, कारण नकार असता तर तो मोठ्याने आला असता.

अडचण एकच होती. त्या सोऱ्याला शेवेच्या बारीक भोकांची चकती होती आणि बारीक भोकातून चीक काढायचा म्हणजे परत जोर वाढणार. भोकं जुन्या चकतीएवढीच हवी होती. मी भाऊजींना फोन केला.

"वहिनी, मोठ्यात जोर जमला नाही तर छोट्यात कसा जमेल? छोट्यात ताकदच नसते," भाऊजी म्हणाले.

"तुमच्या वर्कशॉपमध्ये गाडी उचलायचा जॅक आहे ना?"

"आहे."

"त्याचा दांडा तुम्ही ज्याच्यावर मारता तो दट्ट्या लहान असतो की मोठा?"

रोज त्या जॅकवर गाड्या उचलणारा माणूस त्याच्या आत काय चालतं याचा विचार पहिल्यांदा करत असावा.

"लहान," भाऊजी म्हणाले. "पण ते हायड्रॉलिक आहे."

"हो. आणि आईंचा चीकही तेवढाच हट्टी आहे. चकती द्या पाडून, जुनीची भोकं मोजून."

संध्याकाळी ते स्वतः चकती घेऊन आले. काम स्वच्छ होतं, कडा घासलेल्या. जाता जाता म्हणाले, "तिवईच कच्ची होती सकाळी. नाही तर मोठा चालला असता." मी मान डोलावली. दिरांशी प्रत्येक मुद्दा जिंकायचा नसतो, चकती मिळाली होती.

सोमवारी मी शाळेत जायच्या आधी शेगडी पेटवली. हे पेपर घेऊन खुर्चीवर बसले, देखरेखीसाठी. भाभी कापड घेऊन आल्या आणि तोफ दिसेना म्हणून जरा नाराज झाल्या. मी भातुकलीतला सोऱ्या भरला, जुन्या तिवईत एक कडी टाकून बसवला आणि बाजूला झाले.

आईंनी दट्ट्यावर तळवा ठेवला. पहिल्यांदा त्यांनी डोळेच मिटले. मग दाबलं, आणि चीक पडला. सरळ, सलग, न तुटता. डाव्या हाताखाली प्लॅस्टिक फिरायला लागलं, एक वेढा, दुसरा वेढा, आणि सोऱ्या रिकामा झाला. प्लॅस्टिकवर पुरीएवढी कुरडई होती. सांधा नव्हता.

"झाली?" आईंनी विचारलं.

"झाली," मी म्हणाले.

"येवढीशीच?"

"जोर कमी लागतो, पण सोऱ्या सारखा भरावा लागतो. तेवढं द्यावंच लागतं."

"मग भर की. बघतीस काय?"

मी भरत राहिले. त्या पाडत राहिल्या. चीक गरम राहायला हवा म्हणून मी पातेलं उकळत्या पाण्यात ठेवलं होतं, कारण या वेगाने काम लवकर संपणार नव्हतं. शाळेत फोन करून उशिरा येते म्हणून सांगितलं. कारण विचारलं तेव्हा "प्रात्यक्षिक" असं सांगितलं.

मध्येच हे उठून आले. "आई, दमलीस तर मी करू का थोडं? हा लहान आहे, मलाही जमेल."

आईंनी मान वर केली नाही. "तू पेपर वाच."

भाभींनी एक कुरडई बोटाने मोजल्यासारखी केली. "अम्मा, या वेळेला छोट्या?"

"लहानच करायच्या असतात आता," आई म्हणाल्या. "तळायला तेल कमी लागतं, ताटात मावत्यात. त्या मोठ्या कुरडया गावाकडच्या. शेहरात कोण करतं?"

मी शेगडीशी होते. उलथनं हातात होतं. मी चीक ढवळत राहिले, नाही तर वर पापुद्रा धरला असता.

डबा रिकामा झाला तेव्हा गच्चीवर पुऱ्यांसारख्या कुरडया ओळीने वाळत होत्या. एकाही कुरडईला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. आईंचं मनगट जरा सुजलं होतं, ते त्यांनी पदराखाली ठेवलं. मी बघितलं हे त्यांनी बघितलं. संध्याकाळी मी फ्रिजवरून रबरी चेंडू काढून त्यांच्या पलंगावर ठेवला. सकाळी तो परत फ्रिजवर होता.

भाऊजींची तोफ सध्या गच्चीच्या कोपऱ्यात आहे. तिची भोकं पाणी निचरायला बरोबर आहेत, म्हणून मी तिच्यात माती भरून कडीपत्ता लावला. छान वाढलाय. भाऊजी आले की त्याच्याकडे बघतात आणि माझ्याकडे बघत नाहीत.

या वर्षी आठवीत दाबाचा धडा आला तेव्हा मी उंट वगळला. सोऱ्याचं गणित घातलं. सहा सेंटिमीटरचा सोऱ्या, दहाचा सोऱ्या, चारचा सोऱ्या, आजीच्या हातात एवढाच जोर, तर आजीने कोणता घ्यावा. बऱ्याच मुलांचं उत्तर बरोबर आलं. एकाने लिहिलं, आजीने कुरडया विकत आणाव्यात. गणिताच्या दृष्टीने ते चूक नव्हतं. तरी मी त्याला शून्य दिलं.

जुना सहाचा सोऱ्या मी घासून, कोरडा करून माळ्यावर ठेवायला निघाले होते. आईंनी हाक मारली.

"त्यो वर नको ठेवू. खालीच ठेव."

"कशाला? आता तो लागणार नाही."

"तुझा हात धड हाय तोवर लागंल," त्या म्हणाल्या. "पण माझ्याकडं मागितल्याबिगर घ्यायचा नाय."

मी तो खालच्या फळीवर, भातुकलीतल्या सोऱ्याच्या मागे ठेवला.